तुम्ही, आम्ही आणि आपण

मराठीच्या तासाला सर्वनामे शिकवू लागले की एक शंका हटकून निघते. 'आम्ही' आणि 'आपण' ही दोन्ही प्रथमपुरुषी अनेकवचने. मग भाषेने दोन शब्द कशाला बाळगले? उत्तर सोपे आहे. 'आम्ही सहलीला जाणार' म्हटले की ऐकणारा घरी राहिला. 'आपण सहलीला जाऊ' म्हटले की त्याने डबा भरायला घ्यावा. पहिल्या शब्दाने ऐकणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवले, दुसऱ्याने त्याच्यासाठी पाट मांडला. इंग्रजीला हा भेद करता येत नाही, फ्रेंचलाही येत नाही. तेथे एकाच शब्दावर दोन्ही कामे भागवून न्यावी लागतात. आपल्या घरात ही श्रीमंती पूर्वापार चालत आली आहे, आणि घरातल्या जुन्या भांड्याकडे जसे कोणी पाहत नाही तसे तिच्याकडेही कोणी पाहत नाही.

व्याकरणाची ही उजळणी दिवाळीच्या फराळाबरोबर वाढण्याचे कारण असे. रोगाच्या साथींवर जे साहित्य लिहिले गेले, आणि त्यातही साथीत दुबळ्यांच्या उशाशी बसलेल्या ख्रिस्ती माणसांविषयी जे लिहिले गेले, ते वाचताना मला वारंवार असे जाणवले की या लेखनाची पारख त्यातील आसवांवरून करू नये, सर्वनामांवरून करावी. रोग्याकडे बोट दाखवून 'तुम्ही' म्हणणारे, त्याची शुश्रूषा करूनही 'आम्ही' म्हणणारे, आणि त्याच्या अंथरुणाच्या कडेला बसून 'आपण' म्हणणारे, असे तीन प्रकारचे लोक साथीच्या दिवसांत दिसतात. लेखकही याच तीन जातींचे असतात. करुणा हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. ही कसोटी लावली की त्यातले नाणे कोणते आणि पत्र्याचा तुकडा कोणता ते चटकन कळते.

पहिला पुरावा एका नास्तिक लेखकाकडून घ्यावा हे बरे, म्हणजे पक्षपाताचा आरोप यायचा नाही. आल्बेर कामूची 'प्लेग' ही कादंबरी १९४७ साली प्रसिद्ध झाली. अल्जीरियातील ओरान या बंदरात प्लेग शिरतो, शहराच्या वेशी बंद होतात, आणि पानलू नावाचा एक जेझुइट पाद्री चर्चमध्ये प्रवचन देतो. प्रवचनाचा सूर असा, की हे संकट तुमच्या पापांचे फळ आहे आणि तुम्ही त्याला पात्र आहात. पाद्री विद्वान आहे, वक्ता आहे, त्याच्या वाणीला धार आहे. परंतु त्याने अजून एकही माणूस प्लेगने मरताना जवळून पाहिलेला नाही. पुढे तो स्वयंसेवकांच्या पथकात सामील होतो, आणि एका न्यायाधीशाचा लहानगा मुलगा नव्या लशीच्या प्रयोगानंतरही तडफडत मरतो तेव्हा तो त्या खाटेजवळ उभा असतो. डॉक्टर रिये संतापून त्याला सुनावतो की हे पोर तरी निष्पाप होते. यानंतर पानलूचे दुसरे प्रवचन येते. चर्चमध्ये गर्दी कमी आहे, बाहेर वारा सुटला आहे, वक्त्याचा आवाज उतरला आहे. आणि कामू सहज नोंद करून जातो की या वेळी पाद्री 'तुम्ही' म्हणत नव्हता, अनेकवचनी प्रथमपुरुषात बोलत होता.

मोठा लेखक कोठे ओळखावा, तर येथे. पाद्र्याचे मतपरिवर्तन झाले म्हणून कामू पानेच्या पाने लिहीत नाही. तो एक सर्वनाम बदलतो आणि पुढे जातो. पण येथेच मराठी वाचकाची एक गंमत आहे, आणि एक पंचाईतही. हे वाक्य मराठीत आणायचे झाले तर पानलूच्या तोंडी 'आम्ही' घालावे की 'आपण'? 'आम्ही' घातले तर तो पाद्र्यांच्या वर्गाचा प्रतिनिधी होऊन बोलू लागेल आणि समोरचे श्रोते पुन्हा परके होतील. 'आपण' घातले तरच त्या मुलाचे मरण त्याला आतून लागले हे समजेल. फ्रेंचमध्ये जे संदर्भावर सोडून देता येते ते मराठीत ठरवावे लागते. मराठी लेखकाला येथे अंग चोरता येत नाही.

शंभरएक वर्षे मागे गेले की इटलीचा मांझोनी भेटतो. त्याच्या कादंबरीत १६३० सालचा मिलान शहराचा प्लेग आहे. रोग्यांच्या प्रचंड आवाराची व्यवस्था कापुचिन संन्याशांकडे दिलेली असते. तेथे नायक रेन्झो आपल्या हरवलेल्या वाग्दत्त वधूचा शोध घेत येतो, आणि ज्या सरदाराने त्या दोघांची ताटातूट केली तो डॉन रोद्रिगो तेथेच बेशुद्ध पडलेला असतो. रेन्झोच्या मनात सूड आहे. स्वतः आजाराने खंगलेला वृद्ध साधू क्रिस्तोफोरो त्याला रागे भरतो आणि हाताला धरून शत्रूच्या खाटेशी नेतो. याच भागात दुसरा एक प्रसंग आहे, तो मला अधिक मोलाचा वाटतो. बरे झालेले रोगी घरी निघाले आहेत. त्यांना निरोप देताना आवाराचा प्रमुख फादर फेलिचे गळ्यात दोर बांधून गुडघे टेकतो आणि सेवेत काही उणे राहिले असेल तर क्षमा करा, असे त्या रोग्यांनाच विनवतो. सेवा करणाऱ्याने सेवा घेणाऱ्याची माफी मागावी, हे उपकाराच्या हिशेबात बसत नाही. ज्याने उपकार केला असे मानले तो धन्यवादाची वाट पाहतो. ज्याला ते आपल्याच घरातले दुखणे वाटले तो काही राहून तर गेले नाही ना, म्हणून अस्वस्थ होतो.

कादंबरीतली माणसे लेखकाच्या मुठीत असतात, असे कोणी म्हणेल. तर प्रत्यक्षातला माणूस घ्या. बेल्जियमचा फादर डेमियन १८७३ साली हवाई बेटांपैकी मोलोकाई येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गेला. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवले की प्रवचनात मी 'बंधूंनो' म्हणत नाही, 'आम्ही कुष्ठरोगी' असे म्हणतो. तेव्हा त्याच्या अंगावर रोगाची एकही खूण नव्हती. ती पुढे उमटली, आणि १८८९ साली तो त्याच रोगाने गेला. व्याकरण आधी आले, रोग मागाहून आला.

आता घराकडे वळू. मुंबईत प्लेग शिरला तो १८९६ च्या सप्टेंबरात. मांडवी भागात त्याचे निदान प्रथम केले ते डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी. हे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि त्यांचा पुतळा धोबीतलावानजीक उभा आहे. त्या काळी साष्टी बेट मुंबईत मोडत नव्हते, ठाणे जिल्ह्यात होते. अंधेरी, मरोळ, कुर्ले, बोरिवली ही भाताची आणि ताडामाडांची गावे होती. या गावांतून मराठी बोलणारे ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना ईस्ट इंडियन हे नाव पडले होते. प्लेग त्यांच्या गावठाणांतही शिरला.

त्या दिवसांचे त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. त्यांनी क्रूस उभारले. वांद्र्यापासून वर उपनगरांत कोठेही जुन्या गावठाणात शिरा. गल्लीच्या तोंडाशी, विहिरीपाशी, आता दोन इमारतींच्या सांदीत सापडलेला, चुन्याने पांढरा केलेला दगडी क्रूस दिसेल. त्यांतले कितीतरी प्लेगच्या वर्षांतले आहेत. काहींवर सन कोरलेला आहे. रोग टळावा म्हणून नवसाने उभारलेले, वाचलो म्हणून कृतज्ञतेने उभारलेले. घराघरांतून माणसे जात असताना वाडीतल्या लोकांनी एकत्र येऊन प्रार्थना करायची जागा ती हीच. आजही मे महिन्याच्या संध्याकाळी अशा एखाद्या क्रूसापाशी शेजारपाजारच्या बाया जपमाळेची प्रार्थना म्हणतात, आणि झेंडूची माळ कोणी घातली हे पाहू गेलात तर ती घालणारी बाई ख्रिस्तीच असेल असे नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने हे क्रूस वाचायला हवेत असे मला वाटते. त्यांवर मेलेल्यांची यादी नाही, सेवा करणाऱ्यांचा गौरव नाही, कोणी कोणाला काय दिले याचा हिशेब नाही. ते रस्त्यावर आहेत, घराच्या कुंपणात नाहीत, हीच त्यांची भाषा. दगडात 'आपण' लिहायचे झाले तर ते याहून वेगळे कसे लिहिणार?

मात्र उघड्या रस्त्यावर उभे राहून जाब विचारणारी करुणाही असते, आणि तिचा नमुना त्याच साथीत पुण्याला सापडतो. पंडिता रमाबाईंची ओळख आपण विदुषी, सुधारक, शारदा सदनाच्या संस्थापिका अशी करून देतो. त्यांच्या आयुष्यातली मुख्य गोष्ट मला निराळी वाटते. रमाबाई स्वतः दुष्काळाच्या पोरक्या होत्या. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत तीर्थयात्रा करीत असताना त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीने एकामागून एक गेली. पुढे १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तेथल्या भगिनीसंघाने लंडनात वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेले आश्रयस्थान त्यांनी पाहिले होते, आणि त्या दर्शनाचा आपल्या मनावर फार परिणाम झाला असे त्यांनी नमूद करून ठेवले आहे. ज्या बाईकडे जगाने 'तुम्ही' म्हणून पाठ फिरवली तिला कोणी जवळ घेते, एवढे त्यांना पुरले.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून उपाशी मुलींना आणि तरुण विधवांना पुण्याला घेऊन आल्या. इकडे पुण्यात प्लेग. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. घरझडत्या, इस्पितळे, छावण्या सुरू झाल्या. नव्या मुलींना शहरात ठेवायला मनाई झाली आणि रमाबाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर नेले. मुक्तिसदनाचा पाया पडला तो असा. याच धामधुमीत त्यांच्या आश्रयाची एक मुलगी प्लेगच्या इस्पितळात आणि तेथून छावणीत गेली, ती परत आली नाही. रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहिले आणि इस्पितळातल्या व छावणीतल्या व्यवस्थेवर, तेथे स्त्रियांच्या होणाऱ्या हालांवर उघड ठपका ठेवला. सरकारने तो साफ नाकारला. पुण्यातील सोजिरांच्या वर्तनाविषयी विलायतेत बोलल्याबद्दल गोपाळ कृष्ण गोखल्यांना त्याच साली जाहीर माफी मागावी लागली, एवढे सांगितले म्हणजे त्या हवेत असे पत्र लिहिणे किती जोखमीचे होते ते ध्यानात येईल.

या पत्राकडे आपण इतिहासाचे एक कागदपत्र म्हणून पाहतो. मी ते साहित्य म्हणून पाहायला सांगतो. लिहिणारी बाई ख्रिस्ती. तिचे पाठीराखे परदेशात. राज्यकर्ते तिच्याच धर्माचे. तिने गप्प बसावे अशी सारी सोय होती. 'आम्ही ख्रिस्ती' या सर्वनामाने तिला सरकारच्या ओसरीवर जागा दिली असती. तिने ती नाकारली आणि हरवलेल्या मुलीच्या शेजारी जाऊन बसली. साथीतल्या करुणेचे दोन हात असतात. एक रोग्याला पाणी पाजतो, दुसरा अधिकाऱ्याचे दार ठोठावतो. पहिल्या हाताची चित्रे आपण कॅलेंडरांवर छापतो. दुसरा हात दिसला की अस्वस्थ होतो, कारण तो कधी आपलेही दार ठोठावील.

आणि येथे मराठी साहित्यावर एक आक्षेप घेतल्यावाचून राहवत नाही. १८९७ चा प्लेग म्हटला की आपल्याला २२ जूनची रात्र आठवते, गणेशखिंडीचा रस्ता आठवतो, रँड आठवतो, चापेकर बंधू आठवतात. त्यावर नाटके झाली, चित्रपट निघाला, आणि ते योग्यच झाले. पण रँडचे नाव शाळकरी पोरालाही ठाऊक आणि त्या हरवलेल्या मुलीचे नाव कोणाच्या ओठावर नाही, हे कादंबरीकारांनी लाजावे असे आहे. इतिहास ज्याचे नाव लिहीत नाही त्याला नाव द्यायचे, हाच तर आमचा धंदा.

हा धंदा मराठीत एका बाईने फार थोड्या शिक्षणावर, फार मोठ्या ऐटीत केला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. १९३६ साली त्या गेल्या आणि राहिलेले काम मुलाने, देवदत्ताने पुरे केले. पुस्तकाच्या आरंभी त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याची हकीकत आहे. १८५७ च्या धामधुमीत घरातल्या आप्ताला फाशी झाली, तिचा वडिलांनी धसका घेतला, आणि त्यातून शिवाशिवीचे असे वेड जडले की बाजारातून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात. वाचणाराही हसतो. पण त्या घरातली लहान मुलगी कोणत्या भयात वाढली हे लक्षात आले की हसू ओठावर थबकते.

आता हीच मुलगी पुढे कोठे पोहोचते पाहा. १८९५ साली नवरा ख्रिस्ती होतो; आकांत होतो; काही वर्षे ताटातुटीत जातात. जात माणसाने केली की देवाने, याचा विचार ही बाई एकटी बसून, कोणाच्या शिकवणीवाचून करते आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवते. त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा. मग दुष्काळाने पोरकी झालेली, वाटेल त्या जातीची मुले तिच्या घरात येतात. त्यांचे अंग धुणे, त्यांची दुखणी काढणे, त्यांची भांडणे मिटवणे हाच तिचा संसार होतो. स्पर्शाच्या भयाने पछाडलेल्या घरातून स्पर्शाने भरलेल्या घरापर्यंतचा हा प्रवास मराठी गद्यातला एक फार मोठा प्रवास आहे, आणि तो सांगताना लक्ष्मीबाई एकदाही आवाज चढवीत नाहीत.

त्यांच्या लेखनात करुणा कोठे आहे म्हणून शोधू लागलात तर 'करुणा' हा शब्द सापडायचा नाही. सापडतील पातेली, फजित्या, उसने आणलेले पैसे, भोळा आणि तापट नवरा. स्वतःवर हसता येणे ही त्यांची मोठी शक्ती. जो स्वतःवर हसतो त्याला दुसऱ्याच्या दुःखाकडे गच्चीवरून पाहता येत नाही. तो त्याच अंगणात असतो. सेवेची हकीकत सांगणारी कितीतरी पुस्तके मी वाचली आहेत. त्यांत सेवकाच्या डोक्यामागे तेजोवलय फार लवकर उगवते. 'स्मृतिचित्रां'त ते उगवू लागले की लक्ष्मीबाई स्वतःच त्यावर फुंकर घालतात.

येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो दिवाळी अंकात विचारू नये असे मला वाटत नाही. ही ख्रिस्ती करुणा निर्हेतुक होती काय? भुकेल्याला भाकरी द्यायची आणि मग त्याच्या कपाळावर पाणी शिंपडायचे, असा आरोप रमाबाईंवर झाला. १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले ते याच वादात. आरोप करणारे सारेच कोत्या मनाचे होते असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ज्याचे घर साथीने किंवा दुष्काळाने रिकामे झाले आहे त्याचा होकार हा किती खरा होकार, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तरही मी सर्वनामाकडेच मागतो. 'तू आमच्यासारखा झालास तर आपण' असे जो म्हणतो तो मुळात 'आम्ही'च म्हणत असतो; त्याने फक्त मुखवटा घातलेला आहे. अट घातलेले 'आपण' हे 'आपण' नव्हे. ख्रिस्ताच्या दृष्टान्तातला शोमरोनी लुटारूंनी अर्धमेल्या केलेल्या वाटसरूच्या जखमा बांधतो, त्याला आपल्या जनावरावर घालून धर्मशाळेत नेतो, पुढच्या खर्चाचे पैसे ठेवतो आणि निघून जातो. तो त्याचा धर्म विचारीत नाही, आणि स्वतःचा सांगतही नाही. शिवाय ज्यांना हा दृष्टान्त सांगितला त्यांच्या दृष्टीने तो शोमरोनीच पाखंडी होता. प्रश्न होता, माझा शेजारी कोण. उत्तर मिळाले, तू कोणाचा शेजारी झालास ते सांग. मराठीत शेजारधर्म असा एक शब्द आहे. ज्या भाषेत शेजाराला धर्म म्हणतात तिला हा दृष्टान्त परका वाटण्याचे कारण नाही.

आणि करुणेची मक्तेदारी कोणत्याही एका पंथाकडे नाही याचा दाखला पुण्याच्याच त्याच साथीत आहे. सत्यशोधक सावित्रीबाई फुले यांनी डॉक्टर असलेल्या मुलासह, यशवंतासह, हडपसरच्या बाजूला रोग्यांची सोय केली. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घालून त्या दवाखान्यात घेऊन आल्या, त्यात त्यांना संसर्ग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रमाबाई केडगावला, सावित्रीबाई हडपसरला. एक ख्रिस्ताचे नाव घेणारी, दुसरी निर्मिकाचे. त्या आजाऱ्याच्या पाठीखालचा हात दोघींचा सारखाच.

प्लेग ओसरला, पण समाजाने वाळीत टाकलेले रोगी उरलेच. आमच्या उपनगरांत त्यांच्यासाठी झालेले काम फारसा गाजावाजा न होता झाले. अंधेरीला सेंट कॅथरिन होममध्ये जर्मन भगिनी ॲना हुबेर्टा यांनी १९४२ साली 'हेल्पर्स ऑफ मेरी' हा भगिनीसंघ स्थापन केला. टाकून दिलेली मुले, कुष्ठरोगी, आणि पुढच्या काळात एड्सने घरदार तुटलेले लोक, अशांची जोखीम या स्त्रियांनी घेतली. आमच्या मराठी कादंबरीने गिरगाव पाहिले, परळ पाहिले, धारावी पाहिली. या घरांच्या फाटकातून ती फारशी आत गेली नाही.

मग आले २०२०. या साथीने मघापासून मी लावीत असलेल्या कसोटीचीच परीक्षा घेतली. आजवर करुणा म्हणजे जवळ जाणे, हात लावणे. येथे दूर राहणे हीच काळजी ठरली. त्या वर्षीचा १२ एप्रिलचा ईस्टर बंद दारांआड गेला, गणपती गेला, ईद गेली. स्पर्शच वर्ज्य झाला तर उरते काय? उरते ते सर्वनाम. मी माझे तोंड बांधतो ते तुझ्यापासून वाचावे म्हणून, की आपण वाचावे म्हणून? बांधण्याची रीत एकच, पण पहिल्यातून संशय वाढतो आणि दुसऱ्यातून शेजार.

घाटकोपर-मुलुंडच्या इमारतींतून त्या दिवसांत दुधाच्या पिशव्या आणि भाज्या धुऊन घरात घेतल्या जात होत्या. मला लक्ष्मीबाईंचे वडील आठवले. धुण्याला तेव्हा वैद्यांचा आधार होता हे खरे. पण धुता धुता जुने सोवळे कधी मागच्या दाराने आत आले हे कळलेही नाही. भांडी घासणाऱ्या बाईला फाटकाबाहेर ठेवले गेले; विमानाने रोग घेऊन आलेला मात्र लिफ्टने वर गेला. परिचारिकांना घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले होऊ लागले तेव्हा २२ एप्रिल २०२० रोजी वटहुकूम काढून त्यांच्या संरक्षणासाठी १८९७ चाच साथरोग कायदा दुरुस्त करावा लागला. एके काळी रोग्याला सरकारच्या धाकात ठेवणारा कायदा आता शुश्रूषा करणाऱ्याला शेजाऱ्यापासून वाचवू लागला. आपल्या शतकभराच्या प्रगतीचा हा ताळेबंद.

परिचारिकेला आपण सारे 'सिस्टर' म्हणतो. हा शब्द रुग्णालयात आला तो मठवासी ख्रिस्ती भगिनींच्या मागून. आज ती केरळची असो की कोकणची, ख्रिस्ती असो वा नसो, इस्पितळातल्या खाटेवरून घाबरलेल्या माणसाच्या तोंडून 'सिस्टर' हीच हाक निघते. बहीण म्हणून हाक मारायची आणि संध्याकाळी तिला जिन्यावरून परत पाठवायचे, हा व्याकरणाचा अपराध नव्हे काय?

त्या दोन वर्षांत मराठीत साथीवर विपुल लिहिले गेले. कविता झाल्या, रोजनिश्या झाल्या, दिवाळी अंकांचे विभाग भरले. मी जे वाचले त्यात प्रामाणिकपणा होता, भाषेचे लालित्यही होते. पण सर्वनाम बहुधा एकच होते, 'मी'. माझी गॅलरी, माझा एकांत, माझी खिडकीवरची चिमणी. मुलुंडच्या नाक्यावरून डोक्यावर पेटी आणि कडेवर पोर घेऊन नाशिकच्या वाटेने चालत निघालेली माणसे या लेखनात आली ती खिडकीतल्या दृश्यासारखी. हळहळ भरपूर, पण अंतर तेवढेच. 'मी'चा मला तिटकारा नाही. लक्ष्मीबाईंचे सारे पुस्तक 'मी'मध्येच आहे. त्यांच्या 'मी'च्या मागे मात्र दार उघडे आहे आणि त्यातून मुले आत-बाहेर करीत असतात. आमच्या 'मी'ने कडी लावून घेतली होती.

साथीवरची थोर मराठी कादंबरी लिहायची असेल तर ती लिहिणाऱ्याने रोगाचा अभ्यास करावा, आकडे जमवावेत, हे तर झालेच. त्याआधी त्याने 'आपण' या शब्दाचा एक अर्थ पुन्हा आठवावा. आपल्याहून मोठ्या माणसाला, पाहुण्याला, परक्या वडीलधाऱ्यालाही आपण 'आपण' म्हणतो. 'आपण बसावे', 'आपण कोठून आलात?' ज्या शब्दाने समोरच्याला आपल्यात घेतले त्याच शब्दाने त्याला मान दिला. जवळीक आणि आदर यांची फारकत या भाषेने होऊ दिली नाही. वाँटेजच्या भगिनींपाशी रमाबाईंना जे दिसले, फेलिचेने गुडघे टेकून जे केले, ते आमच्या आजीच्या रोजच्या बोलण्यात होते. खाटेवर पडलेल्या, अंगाला वास येणाऱ्या, बिलाचे पैसे नसलेल्या माणसाला 'आपण' म्हणून हाक मारणारे एक पात्र कोणी मराठीत उभे करावे. ते ख्रिस्ती असेल, नसेल. त्याला ती हाक आली की पुढचे प्रकरण आपोआप लिहून होईल.